अळसांद्याच्या (चवळीच्या) मुळांना गाठीच नाहीत. युरियाने जमिनीतले जिवाणू मेले का?

कुणगा_सत्तरी · १४ जानेवारी

नमस्कार मंडळी. आमचे घर गोव्यात, वाळपईपासून आत, सत्तरीत. घरामागे लहानसे कुळागर आहे, त्यात पोफळी, माड, केळी आणि मिऱ्यांचे वेल. उताराखाली भाताचे दोन कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे. त्यातला वरचा १,२०० चौरस मीटरचा. पावसाळ्यात तिथे ज्योती जातीचे भात होते आणि कापणी झाली की राहिलेल्या ओलीवर आम्ही अळसांदे पेरतो.

काल ओळीतले तण काढताना अळसांद्याचे एक झाड मुळासकट हातात आले. शेजारीच सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी ते झाड घेतले, मुळे झटकली आणि म्हणाल्या, "ह्याला गाठी कुठे गं?" हवेतले नत्र धरून झाडाला देणारे जिवाणू याच गाठींत राहतात. मी दुसरे उपटले, मग तिसरे. अशी दहा झाडे काढली. दोन झाडांना मोहरीएवढ्या तीन-चार पांढुरक्या गाठी होत्या, बाकी आठ मुळे धुतल्यासारखी स्वच्छ.

मग सासूबाई मला कुळागराच्या कडेला घेऊन गेल्या. तिथे गेल्या वर्षी शेंगा सोलताना सांडलेल्या दाण्यांची चार-पाच झाडे आपोआप आली आहेत. त्यांना कोणी खत घातलेले नाही, पाणीही केळीचे जाईल तेवढेच. त्यातले एक उपटले तर मूळभर गाठी. मी मोजल्या, सत्तावीस भरल्या. एक नखाने फोडली तर आतून गुलाबी, ताज्या मांसासारखा रंग. घरापासून दोन्ही जागा हाकेच्या अंतरावर, बियाणे एकच, आणि मुळांत एवढा फरक.

२०१८ पर्यंत आमच्याकडे चार गुरे होती. सासरे शेण आणि पातेरा (गळलेला पाला) कुजवून मे महिन्यात कुणग्यात टाकायचे. मग त्यांचे गुडघे गेले, गुरे राखायला माणूस मिळेना, गुरे विकली. त्या वर्षापासून शेती माझ्याकडे आली आणि मी खताच्या पोत्यावर गेले. लपवून काही उपयोग नाही म्हणून सगळे सांगते: वरच्या कुणग्यातल्या भाताला युरियाचे एक पूर्ण पोते, वर थोडे १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाशाचे मिश्र खत). अळसांद्यालाही वीस दिवसांनी मूठ-मूठ युरिया देते, त्याने पाने काळीभोर होतात.

आणखी एक. खालच्या कुणग्यात पाणी साचते तिथे पाण्यावर तेलासारखा निळा-तांबूस तवंग येतो. तो खताचा आहे का, असा संशय आता येतो आहे.

तर युरियाने आमच्या जमिनीतले जिवाणू मेले का? मेले असतील तर परत येतात का, आणि किती वर्षांनी? एक विनंती आहे. "रासायनिक बंद करा" एवढेच लिहू नका. घरात सहा माणसे आहेत आणि वर्षभराचा तांदूळ त्याच कुणग्यातून येतो.

---

मातीचा_नमुना · १४ जानेवारी

बाय, प्रश्न फार चांगला विचारलास. मुळे उपटून, गाठ फोडून बघणारी माणसे कमी. मी कृषी खात्यात पंचवीस-तीस वर्षे काढून निवृत्त झालो. उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांग. युरियाचे पोते ४५ किलोचेच ना, आणि ते एकदम टाकतेस की हप्त्यांनी? मातीचा सामू (पीएच; आकडा जितका खाली तितकी माती आंबट) कधी तपासला आहेस का? अळसांद्याच्या बियाण्याला रायझोबियम, म्हणजे गाठी करणारे जिवाणू, लावले होते का?

तवंगाचे उत्तर आधी देतो, ते सोपे आहे. एक काठी घे आणि तवंगात हलकेच घाल. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळे राहिले तर तो लोहजिवाणूंचा तवंग. तेलाचा असेल तर काठी काढताच परत जुळतो.

---

कुणगा_सत्तरी · १५ जानेवारी

काका, सकाळीच काठी घालून आले. तुकडे झाले, परत जुळले नाहीत. खाली चिखलात गंजाच्या रंगाचा गाळ आहे.

पोते ४५ किलोचे. दोन हप्ते करते, लावणीनंतर आठ दिवसांनी अर्धे आणि निसवण्याआधी अर्धे. मृदा आरोग्य पत्रिका २०१९ ची आहे, त्यात सामू ५.३. रायझोबियमचे पाकीट तालुक्यातल्या एका दुकानातून आणले होते. घरी येऊन तारीख बघितली तर मुदत संपून चार महिने झालेली. तरी लावले.

---

मातीचा_नमुना · १५ जानेवारी

तवंगाची काळजी सोड. आपली माती जांभ्याची, लोखंडाने भरलेली. पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो आणि तळच्या जिवाणूंना श्वासाला दुसरे काही लागते, तेव्हा ते लोखंड वापरतात. तसे वापरलेले लोखंड पाण्यात विरघळते. ते वर हवेशी आले की दुसरे जिवाणू त्याचा पुन्हा गंज करतात, तोच तुझा तवंग. म्हणजे तिथे जिवाणू जोरात कामाला लागले आहेत. मात्र तिथल्या भाताची पाने टोकाकडून तांबूस-तपकिरी होत असतील तर लोखंड जास्त होते आहे. मग मधे एकदा पाणी काढून दे.

आता वरचा कुणगा. ४५ किलो युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. १,२०० चौरस मीटरला हा हिशेब हेक्टरी १७० किलोच्या वर जातो. सुधारित भाताला साधारण हेक्टरी १०० किलोच्या आसपास नत्र पुरते. म्हणजे तू जवळजवळ पावणेदोन पट देते आहेस, शिवाय १०:२६:२६ मधले नत्र वेगळे. भात लोळत असेल आणि करपा येत असेल, बरोबर ना?

हे जास्तीचे नत्र जिवाणूंना विष म्हणून मारते असे सरसकट म्हणता येत नाही. युरिया पडला की त्याचा अमोनिया जिवाणूंच्याच विकराने (एन्झाइमने) होतो. त्या वेळी दाण्याभोवतीची माती चार दिवस आंबटाच्या उलट, अल्कधर्मी होते आणि तेवढ्या चिमूटभर जागेतले जीव पोळतात, हे खरे. पुढे नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू अमोनियमचे नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर त्याचे नायट्रेट करतात, आणि या पचनात आम्ल सुटते. नायट्रेट पावसाने धुऊन गेले की आम्ल तेवढे मागे उरते. कागदावरचे गणित असे की युरियातून आलेल्या १ किलो नत्राचा आंबटपणा मारायला १.८ किलोच्या आसपास चुनखडी लागते. तुझे २०.७ किलो म्हणजे वर्षाला ३७ किलो. भाताच्या पाण्यात ही क्रिया पूर्ण होत नाही, म्हणून प्रत्यक्षात कमी लागेल. पण २०१८ पासून एकदाही चुना पडलेला नाही, आणि वरून सत्तरीचा पाऊस, जो आधीच कॅल्शियम धुऊन नेतो. २०१९ च्या ५.३ वर राहू नकोस. आताचा सामू त्याहून खाली असणार.

एक गोष्ट नीट ध्यानात घे, तुझ्या कुणग्याचे गूढ तिथेच आहे. आंबट मातीत पाणी भरले की दोन-तीन आठवड्यांत सामू आपोआप वर चढतो, साडेसहाच्या आसपास जातो. लोखंडाची ती क्रिया आम्ल खाऊन टाकते. म्हणून भात छान येतो आणि जमीन आंबली आहे हे भात कधी सांगत नाही. कापणीनंतर पाणी निघते, हवा शिरते, सामू पुन्हा खाली येतो, आणि त्याच मातीत तू अळसांदे पेरतेस. भाताला न कळलेले दुखणे अळसांद्याच्या मुळाला कळते. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळू लागते, मुळांची टोके आखडतात, कॅल्शियम आणि मॉलिब्डेनम मिळत नाही. मॉलिब्डेनम नसले तर गाठ झाली तरी नत्र धरणारे विकर तयार होत नाही.

आणि अळसांद्यावरचा मूठभर युरिया आजपासून बंद. गाठीतल्या जिवाणूंना झाड स्वतःची साखर खाऊ घालते, तेव्हा ते नत्र देतात. आयते नत्र मुळाशी पडले तर झाड त्यांना घरात घेतच नाही. गाठी नाहीत म्हणजे जिवाणू मेले असे लगेच धरू नकोस. दाराबाहेर उभे असतील.

---

आगरवाट · १६ जानेवारी

ताई, मी डिचोली तालुक्यातला. काकांनी नत्राचा हिशेब अचूक केला, पण मला वाटते ते पोत्याच्या बाजूने जरा मऊ बोलले.

मी चार पावसाळे पोते आणलेले नाही. जीवामृत करतो: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मेरेवरची (बांधावरची) मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळायचे. खरे सांगतो, पहिल्या वर्षी नऊ पोती भाताची सहा झाली. बायको दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. दुसऱ्या वर्षी सात. आता आठ-साडेआठवर आलो आहे. नऊ परत झालेली नाहीत.

पण माती बदलली, ते मी हाताने बघितले. दोन वर्षांपूर्वी जुन्या सुती पंचाच्या वीतभर दोन पट्ट्या कापल्या. एक माझ्या शेतात पुरली आणि एक चुलत्याच्या शेतात, तो अजून पोत्यावर आहे. कापणीनंतर दोन्ही जागी चार बोटे खोल, वर खुणेची काठी. दोन महिन्यांनी काढल्या. माझ्या पट्टीचा किनारीचा दोराच तेवढा उरला होता, मधे जाळी. चुलत्याची पट्टी मळकट होऊन आली, पण पिळता येत होती. सूत खाणारे जीव तिकडे कमी आहेत, याहून वेगळा अर्थ मला लागत नाही. मृदा पत्रिकेत बारा गोष्टी लिहून येतात, त्यात जिवंत असे एकही काही मोजलेले नसते.

सहा माणसांचा तांदूळ आहे म्हणता, तर पूर्ण बंद करा असे मी सांगणार नाही. एका कोपऱ्यात २०० चौरस मीटर बाजूला काढा आणि तिथे करून बघा.

---

मातीचा_नमुना · १६ जानेवारी

आगरवाट, तुमची पट्टी मला पटली. पण चुलत्याच्या शेतात शेण पडते का, तेही विचारा. पोते पडते म्हणून जीव कमी की शेण पडत नाही म्हणून, हे एका पट्टीवरून सांगता येणार नाही.

हिमाचलातल्या पालमपूरला १९७२ पासून मका-गव्हावर एक प्रयोग चालला आहे. तिथली मातीही आपल्यासारखी आंबट. ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षे फक्त नत्र दिले तिथे शेवटी पीक येईनासे झाले. त्याच रानात नत्र-स्फुरद-पालाशाबरोबर शेणखत किंवा चुना पडला ते वाफे चांगले पिकत राहिले. इंग्लंडातल्या रॉथॅमस्टेडला एक कुरण आहे, १८५६ पासूनचे. तिथे चुन्याशिवाय अमोनियम सल्फेट मिळालेल्या पट्ट्यांचा सामू ४ च्याही खाली गेला. गांडुळे गेली आणि मेलेले गवत न कुजता वर गादीसारखे साचत राहिले. गवत आहे, पाऊस आहे, पण कुजवणारा कोणी नाही. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून मी पोत्याच्या बाजूचा नाही. मी उपाशी आणि आंबट जमिनीच्या विरुद्ध आहे.

---

सूक्ष्मदर्शी · १७ जानेवारी

मावशी, मी सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिकते, घर फोंड्याला. माझ्या आजीकडेही अळसांदे करतात, म्हणून लिहायचे धाडस करते.

काका म्हणाले ते तपासून बघता येईल, खर्च शून्य. चार कुंड्या घ्या, तळाला भोके असलेले जुने डबेही चालतील. पहिल्यात कुणग्याची माती. दुसऱ्यात कुणग्याची माती आणि कुळागराच्या त्या कडेची दोन मुठी माती. तिसऱ्यात कुणग्याची माती आणि चमचाभर डोलोमाइटची (मॅग्नेशियमयुक्त चुनखडीची) पूड, ती आठ दिवस आधी मिसळून ओली ठेवा. चौथ्यात नुसती कुळागराची माती. सगळ्यांत एकच बियाणे, तीन-तीन झाडे, खत काही नाही. महिनाभराने डबा पाण्यात बुडवून माती सोडवा. ओढून काढू नका, गाठी तुटतात. मग मोजा आणि फोडून रंग बघा. गुलाबी म्हणजे चालू गाठ. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती काम करत नाही.

पहिल्या कुंडीत गाठी आल्या तर जिवाणू आहेत आणि तुमचा वरचा युरिया त्यांना अडवत होता. दुसरीतच आल्या तर कुणग्यातून ते खरेच गेले. तिसरीत वाढल्या तर आंबटपणा.

एक अभ्यास इथे सांगावासा वाटतो. जगभरच्या ६४ दीर्घकालीन प्रयोगांची आकडेवारी कॅलिफोर्नियातल्या दोघा संशोधकांनी २०१४ मध्ये एकत्र मांडली. रासायनिक खत मिळालेल्या जमिनीत सूक्ष्मजीवांचे एकूण वजन काहीच न मिळालेल्या जमिनीपेक्षा सरासरी १५ टक्के जास्त निघाले. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चक्रावले होते. कारण साधे आहे: पीक वाढले, मुळे वाढली, मातीत त्यांचे खाणे वाढले. पण सामू ५ च्या खाली गेला तिथे उलटे, तिथे घट. म्हणून आगरवाट दादा आणि काका दोघांचे बोलणे मला एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाही. सामू कुठे आहे आणि मुळाशी खाणे किती पडते, त्यावर सगळे ठरते. तुमच्या कुणग्यात पेंढासुद्धा राहत नसेल, तो विकला जातो ना?

मिरची लावत असाल तर १०:२६:२६ बेताने द्या. मुळांत राहणारी एक बुरशी असते, मायकोरायझा. तिचे धागे मुळापेक्षा दूर जाऊन स्फुरद आणतात. आमच्या गोवा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागात तिच्यावर बरेच काम झाले आहे. स्फुरद मुळाशीच भरपूर पडले की झाड तिला साखर द्यायचे कमी करते आणि ती मुळात पसरत नाही. डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे गेली तरी कळत नाही.

आणि कुळागराकडेही लक्ष असू द्या. पोफळीच्या कोळेरोगासाठी दरवर्षी चुना-मोरचूद मारतो, त्यातले तांबे ठिबकून खाली येते. ते कुजत नाही, उडून जात नाही, वरच्या थरात साचत राहते. गांडुळांना आणि बुरश्यांना ते चांगले नाही. फवारणी सोडा असे म्हणत नाही, सोडली तर सुपारी गळेल. पण उरलेले द्रावण एकाच पोफळीच्या आळ्यात ओतू नका. आमच्याकडे हेच करत होते, मी भांडून थांबवले.

पाकिटाचे शेवटी. त्यात जिवंत जीव असतात, ताजी तारीख बघूनच घ्या. २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. खतात मिसळू नका, उन्हात ठेवू नका. दुकानात काचेजवळ उन्हात रचलेले पाकीट तर घेऊच नका.

---

कुणगा_सत्तरी · २८ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. कुंड्या मिळाल्या नाहीत, रंगाचे रिकामे डबे घासून घेतले. चुना आधी मिसळायचा होता म्हणून आठ दिवस थांबून सगळ्यांत एकदम पेरले. आज पितळी परातीत पाणी घेऊन मी आणि सासूबाई एकेक डबा सोडवत बसलो. मुलगी वहीत लिहीत होती. तीन झाडांच्या मिळून गाठी अशा:

कुणग्याची नुसती माती: २१, बऱ्याचशा बारीक, फोडल्या त्यातल्या निम्म्या गुलाबी.
कुणग्याची माती आणि कुळागराची मूठ: २८.
कुणग्याची माती आणि डोलोमाइट: ५४, मोठ्या, सगळ्या गुलाबी.
कुळागराची माती: ७९.

मेले नव्हते. सासूबाईंनी तिसऱ्या डब्यातले मूळ हातात धरून कितीतरी वेळ बघितले. मला रडू आले. दीड महिना मला वाटत होते की सासऱ्यांनी चाळीस वर्षे जपलेली जमीन मी सहा-सात पावसाळ्यांत मारली.

मातीचा नमुना विभागीय कृषी कार्यालयात दिला होता, सामू आला ४.८. काका, तुम्ही म्हणाला होता तसेच.

पेंढ्याचे बरोबर ओळखलेस बाळ. सगळा विकते.

---

मातीचा_नमुना · १ मार्च

बाय, तू मारलीस असे मनात आणू नकोस. गुरे गेली तिथे खाणे तुटले, आणि ते तुझ्या एकटीच्या हातात नव्हते. तुझ्याच डब्यांत बघ. मूठभर माती घालून २१ चे २८ झाले, चमचाभर डोलोमाइटने ५४. कमी जिवाणूंची पडली नव्हती, राहण्याजोग्या जागेची पडली होती. तीन-तीन झाडांचा हिशेब आहे, आकडा थोडा इकडे-तिकडे धर. दिशा मात्र स्पष्ट आहे.

आता चुना टाकायची घाई नको, पावसाळ्यात भाताला त्याची फारशी गरज नाही. भात कापून झाले की अर्ध्या कुणग्यात सऱ्यांमध्ये डोलोमाइटची बारीक पूड टाक, ६०० चौरस मीटरला २० किलो. पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी. दुसरा अर्धा तसाच ठेव, म्हणजे तुला तुझ्याच शेतात फरक दिसेल. भाताचा युरिया ३० किलोवर आण आणि तीन हप्ते कर: लावणीच्या वेळी, फुटव्यांना आणि पोटरीत येताना. चुना आणि युरिया किंवा ओले शेण एकाच दिवशी कधीही टाकू नकोस, अमोनिया उडून जातो, वास येईल तो पैशाचा वास समज. मधे दोन-तीन आठवडे जाऊ देत.

---

आगरवाट · १ मार्च

ताई, ५४ चा आकडा वाचून मला फार आनंद झाला. मी जीवामृत घालतो, पण सामू कधी तपासला नव्हता. उद्याच नमुना काढतो. काका, चुलत्याला विचारले. शेण दहा वर्षे पडलेले नाही.

---

कुणगा_सत्तरी · २२ जानेवारी, पुढचे वर्ष

हा धागा शोधून काढून पुन्हा लिहिते आहे, कारण इथे विचारणारे आणखी असतील.

पेंढा विकला नाही. शेजारच्या वाड्यावर एकाचा गोठा आहे. त्याला पेंढा दिला आणि बदल्यात मे महिन्यात ४० पाट्या कुजलेले शेण घेतले, पाटी १५ किलोच्या आसपास. कुळागरातला पातेरा पोफळींखालीच ठेवला, जास्तीचा ओढून आणून शेणात मिसळला. मेरेवर गिरीपुष्पाच्या फांद्या लावल्या, त्या आता कमरेएवढ्या आहेत. पुढल्या वर्षीपासून त्यांचा पाला चिखलणीत घालता येईल.

भात ३० किलो युरियावर केले, तीन हप्ते. गेल्या वर्षी अकरा पोती झाली होती, यंदा साडेदहा. पण कुठेच लोळले नाही, कापणाऱ्या बायकांनी ते स्वतःहून सांगितले. उरलेल्या १५ किलो युरियाचे पैसे डोलोमाइटला गेले.

अळसांद्याला युरिया अजिबात दिला नाही. पाकीट ताजे आणले, दुकानदाराकडून आधी तारीख वाचून घेतली. काल दोन्ही बाजूंची दहा-दहा झाडे पाणी सोडून अलगद काढली. चुना नसलेल्या अर्ध्यात झाडामागे सरासरी ६ गाठी. चुन्याच्या अर्ध्यात १५. पाने गेल्या वर्षीसारखी काळीभोर नाहीत, पोपटी-हिरवी आहेत, पण फुले लवकर लागली. सासूबाई म्हणतात पूर्वी याच रंगाची असायची.

खालच्या बाजूचा एक कोपरा, पाणी उशिरा निघते तिथे, चुना घालूनही मुळे उघडीच आहेत. झाडेही खुजी. तिथली माती हातात घेतली तर घट्ट, निळसर करडी, आणि वास सडक्या अंड्यासारखा. काका, तिथे चुना वाढवू की आधी चर खणून पाणी काढू?

---

मातीचा_नमुना · २२ जानेवारी

आधी चर. निळसर माती आणि तो वास म्हणजे तिथे अजून हवाच पोचलेली नाही. गाठीतले जिवाणू हवेतलेच नत्र धरतात, त्यांना श्वास लागतो. मेरेच्या कडेने हातभर खोल चर काढ, उताराच्या दिशेने. या वर्षी त्या कोपऱ्यात अळसांदे राहू दे, जे येईल ते येईल. चर काढल्यावर पंधरा दिवसांनी मातीचा रंग बघ, तांबूस ठिपके दिसू लागले की हवा शिरली. तेव्हा मला कळव, मग चुन्याचे बघू.